पिवळं छप्पर

एलिसार्दो लेविकोयला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जहाजावर तो उभ्यानं जेवायचा, उभ्यानं चहा प्यायचा. सुट्टीत चिलोए बेटावरच्या घरी गेला की त्याची बायको मिर्ता म्हणायची, "अहो, खुर्ची काही चावत नाही." तो टेकल्यासारखं करायचा आणि सरपण आणायच्या निमित्तानं पुन्हा बाहेर. जमिनीवर असला की त्याला समुद्र बोलवायचा, समुद्रावर असला की जमीन. आणि दोन्हीकडे असताना एक तिसरी जागा.

ती जागा दक्षिणेच्या खाड्यांमध्ये होती, एका हिमनदीच्या पायथ्याशी. काळ्या दगडांचा अरुंद किनारा, मागे ओलं रान, समोर निळा बर्फ. पूर्वी तो आणि त्याचा धाकटा भाऊ तिबुर्सिओ तिथे शिंपले काढायला जात. तिबुर्सिओ तोंडात हवेची नळी धरून तळाशी उतरायचा, एलिसार्दो वर होडीत नळी सांभाळायचा. एका हिवाळ्यात एलिसार्दो तापानं घरी पडला होता, म्हणून तिबुर्सिओ दुसऱ्याच कुणाला घेऊन गेला. हिमनदीचा कडा कोसळला, लाट आली, होडी उलटली. सोबतचा माणूस पोहून निघाला. तिबुर्सिओ मिळालाच नाही. होडीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

त्या फळ्यांचं एलिसार्दोनं तिथेच एक घर बांधलं. खुराड्याएवढंच, पण दार, खिडकी, उतरतं छप्पर असलेलं. जिथे माणूस गेला तिथे त्याच्या जिवाला टेकायला असं घर बांधायचंच असतं. त्यांच्याकडे घाटाच्या प्रत्येक वळणावर ती दिसतात. होडी पिवळी होती, म्हणून छप्पर पिवळं केलं.

मग ही पर्यटकांची मोठी पांढरी जहाजं आली. पांघरुणाची जाडी विचारून पलंग देणारी. एलिसार्दोला कामावर घेतलं, कारण त्याला खाड्या पाठ होत्या. पाहुण्यांना रबरी होडीतून किनाऱ्यावर न्यायचं आणि परतताना तरंगता बर्फ आकड्यानं ओढून आणायचा, एवढं काम. तो बर्फ फोडून व्हिस्कीत घालत. पाहुणे ग्लास कानाशी नेऊन त्याची तडतड ऐकत, खुशीत हसत. एलिसार्दोला कुणी देऊ केली तर तो मान हलवायचा. त्या खाडीतलं काहीच त्याच्या घशाखाली उतरत नसे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सफरीची प्रमुख कोन्स्तान्सा त्याला शोधत मागच्या डेकवर आली. सान्तियागोची मुलगी, त्याच्या लेकीच्या वयाची.

"काका, ती किनाऱ्यावरची पेटी काढायला लागेल. आपण लोकांना सांगतो, इथे माणसाचा हात लागलेला नाही. आणि प्रत्येकाच्या फोटोत ती पेटी येते."

"पेटी नाही ती. घर आहे."

"कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

ती म्हणाली, "कुणी सांगितलंच नाही मला."

"कुणी विचारलं नाही, बाई."

"मी माझ्याकडून काही बोलणार नाही. पण पुढच्या फेरीला मुख्य कचेरीतले साहेब येतायत. त्यांच्या नजरेत आलं, तर ते मला विचारणार नाहीत. सरळ उखडतील."

त्याच फेरीत, पाहुणे रानात गेले असताना, एलिसार्दोनं जहाजाच्या कोठारातला करडा रंग आणून घराला फासला. छप्पर, भिंती, दार. दगडांत दगड झालं. दहा पावलांवरून दिसेना. त्याला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

"भावाला नौदलात भरती केलंस की काय?" होडीत बसलेला आचारी रोसामेल म्हणाला.

"गप रे."

"नाही, युद्धनौकेचा रंग शोभतोय. फक्त सलाम करायला कुणी सापडायचं नाही."

पुढच्या फेरीला साहेब आले, आणि होड्या अर्ध्या वाटेवर असताना धुकं उतरलं. एलिसार्दोची होडी पुढे, बाकीच्या मागे. त्यानं सवयीनं डोळे वर केले आणि पिवळं शोधू लागला. कुठेच नव्हतं. सगळा किनारा एकाच करड्या रंगाचा. तेव्हा त्याला उमगलं की इतकी वर्षं त्यानं खडक कधी पाहिलेच नव्हते. तो फक्त छपराकडे बघून येत होता. आणि किनाऱ्याच्या डाव्या अंगाला, पाण्याखाली, होडी फाडणारी कपार होती. डावं कुठलं आणि उजवं कुठलं?

मागच्या होडीतून वायरलेसवर कोन्स्तान्सा. "काका, कुठे आहोत आपण?"

"बघतोय."

"ते पिवळं दिसत नाही आज."

त्यानं वेग कमी केला. कुठेतरी बर्फ कोसळला. एक लांब, जड लाट होडीखालून गेली. तिबुर्सिओनंही हीच लाट पाहिली असेल. की पाहिलीच नसेल?

"मागच्यांनो, जिथे आहात तिथेच थांबा," तो म्हणाला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.

घराशेजारून एक ओहोळ दगडांवरून पाण्यात पडायचा. बराच वेळ ऐकल्यावर त्याचा बारीक आवाज आला. वल्ह्यानं एकेक हात पुढे सरकत त्यानं होडी किनाऱ्याला लावली, पाहुण्यांना उतरवलं, "इथून हलू नका" म्हणाला आणि धावला. घर हाताला लागलं तेव्हाच कळलं की तेच आहे. त्यानं अंगातला पिवळा रेनकोट काढला, छपरावर पसरला आणि बाह्या खालून गच्च बांधल्या.

"आता या," तो वायरलेसवर म्हणाला. "छप्पर डाव्या हाताला ठेवा."

धुक्यातून होड्या एकेक करून आल्या. त्या सगळ्या लागेपर्यंत तो घराला पाठ टेकून दगडावर बसला होता. त्याचं त्यालाही कळलं नाही.

साहेब चिखल चुकवत वर आले. "हे काय आहे?"

कोन्स्तान्सानं एलिसार्दोकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "काकांच्या भावाचं घर आहे. तो इथेच बुडाला. आज त्याच्यामुळेच आपण किनाऱ्याला लागलो."

साहेबांनी त्या कोटाची बाही चाचपून पाहिली. मागच्या पाहुण्यांमधली एक म्हातारी पुढे येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं टोपी काढली.

"तात्पुरतं असेल ना?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"कोट तात्पुरता आहे," एलिसार्दो उठत म्हणाला. "पुढच्या फेरीला रंग आणतो."

साहेब म्हातारीला हात देऊन खाली उतरले.

जहाज परत निघालं तेव्हा रोसामेलनं त्याच्या हातात गरम सूप दिलं. "कुडकुडतोयस. बस जरा."

"कोठारात पिवळा रंग असेल का रे?"

"आधी सूप पी."

एलिसार्दो सूप हातात घेऊन मागच्या कठड्याशी उभा राहिला. धुक्यात तो पिवळा ठिपका बराच वेळ होता. मग दिसेनासा झाला, आणि तो दुसऱ्या बाजूच्या कठड्याकडे गेला, तिथून दिसतो का ते बघायला.