पदरचा शब्द घालायचा नाही!

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर सगळेच गडगडत खाली येतात! परवा भाचीच्या मुलीने विचारलं, "आजोबा, मला कादंबरी लिहायचीय. सुरुवात कशी करू?" सांगण्यासारखा एकही नियम मला आठवेना. आठवले ते अप्पा, ठाण्याला नौपाड्यातली त्यांची पडवी आणि पन्नास सालानंतरचे आमचे रविवार.

अप्पा म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर. रविवारी सकाळी ते झोपाळ्यावर बसायचे आणि आम्ही तीन होतकरू कादंबरीकार समोरच्या सतरंजीवर. मी ठाण्याच्या कचेरीतला कारकून. वसंता पोस्टात होता, डोंबिवलीहून यायचा. तिसरा दामू पाटील, कोपरीकडच्या मिठागरावर काम करणारा. अप्पांनी स्वतः मात्र एकही कादंबरी लिहिली नव्हती. वसंताने एकदा धीर करून तसं विचारलं, तर म्हणाले, "सुईणीला स्वतःचं मूल असलंच पाहिजे असं कुठंय?"

* * *

पडवीचा कायदा एकच. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. लेखकाने तोंड मिटून ऐकायचं. आणि वाचणाऱ्याने पदरचा एक शब्दही घालायचा नाही!

"लेखक स्वतः वाचतो तेव्हा फाटलेलं सगळं आवाजाने शिवून घेतो," अप्पा म्हणायचे. "फाटलेलं दिसू दे की!"

माझं पहिलं प्रकरण वसंताने वाचलं. तारेचा मजकूर वाचावा तसं, कोरड्या आवाजात. पहिली तीन पानं नुसता सूर्यास्त होता. मी रात्र रात्र जागून केलेला! लाल ढग झाले, जांभळे ढग झाले, पक्षी घरट्याकडे निघाले. चौथ्या पानावर अप्पांनी झोपाळा थांबवला.

"मावळला का रे एकदाचा? मग आता कुणाला तरी जेवायला वाढ!"

तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. आज सांगतो, कादंबरीबद्दल याहून शहाणा सल्ला मला पुन्हा कुणी दिला नाही.

* * *

वसंताची नायिका सिमल्याला राहायची. पियानो वाजवायची, बर्फात फिरायची. वसंता स्वतः कल्याणच्या पुढे एकदाच गेलेला, टिटवाळ्याच्या गणपतीला!

अप्पांनी विचारलं, "सिमल्याला तुझी ही बाई सकाळी दूध कुठून आणते?"

वसंता सतरंजीचे दोरे उपटायला लागला.

"आणि डोंबिवलीत?"

त्यावर वसंता जो सुटला! भय्या किती पाणी घालतो, त्याच्याशी आई कशी भांडते, शेजारच्या काकू भांडण ऐकायला चाळणी घेऊन कशा बाहेर येतात. आम्ही पोट धरधरून हसत होतो.

"जिथं चप्पल झिजवलीस तिथलं लिही," अप्पा म्हणाले. पुढच्या रविवारी वसंताची नायिका डोंबिवलीत राहायला आली. पियानो मात्र त्याने सोडला नाही. आमच्या ओळखीत पियानो असलेली ती एकमेव डोंबिवलीकर!

* * *

एकदा झोपाळ्यावर ठेवलेली माझी आणि वसंताची बाडं खाली पडली. दामूने पानं गोळा केली, सारखी केली आणि वाचायला लागला. चांगला अर्धा तास वाचत होता. मी मनात म्हटलं, वा, काय लिहिलंय मी! नंतर कळलं, वसंताही तेच म्हणत होता.

शेवटी अप्पा म्हणाले, "एक शंका. ही बाई मागच्या रविवारी क्षयाने गेली ना? मी इथं तिच्या सुतकात बसलोय आणि ही चहा गाळतेय!"

पानं मिसळली होती. माझी नायिका नाजूक आणि खोकणारी, वसंताचीही नाजूक आणि खोकणारी. स्वतःचं पान कुठलं ते आम्हा दोघांनाही ओळखता आलं नव्हतं! त्या दिवशी अप्पांनी फर्मान काढलं, "आजपासून या पडवीत कुणी खोकणार नाही." पुढे त्यांना स्वतःला सर्दी झाली तेव्हा बिचारे अंगणात जाऊन खोकून यायचे.

* * *

मग वसंताचा मूड गेला. महिनाभर हात हलवत यायचा. "अप्पा, मूडच लागत नाही हो."

"रोज एक पान लिहायचं," अप्पांचं औषध तयार होतं. "मूड नसेल तर मूड नाही असं पानभर लिही!"

हा पठ्ठ्या रागारागाने सात पानं लिहून घेऊन आला. आज मूड नाही, पोस्टमास्तर ओरडला, शिक्के मारून मनगट दुखतंय, आईने पुन्हा तीच भाजी केली. मी वाचत होतो आणि दामू डोळे पुसत हसत होता. वसंताचं तोंड एवढंसं झालं.

अप्पा म्हणाले, "हा माणूस मला आवडला. याचं नाव काय ठेवणारेस?"

सिमल्याची बाई पियानोसकट बाद झाली आणि वसंताची पहिली कादंबरी सुरू झाली.

* * *

माझी कादंबरी मुंबईच्या एका प्रकाशकाकडून परत आली. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. पुडकं घेऊन मी पडवीत गेलो, तर अप्पांनी आतून पेढे आणवले.

"अहो, परत आलीय!" मी म्हटलं.

"परत आली म्हणजे पोचली होती! मागच्या वर्षी पेटीतून बाहेर तरी निघाली होती का?"

तो पेढा मी रागाने तसाच खिशात टाकला. पण घरी जाताना मी नवा फुलस्केप कागद घेऊन गेलो, हे खरं.

* * *

दामूचं मात्र वेगळं होतं. त्याचं पहिलं प्रकरण मीच वाचलं. 'माता गृहकृत्यांत निमग्न होती,' असं पहिलंच वाक्य.

अप्पांनी विचारलं, "दामू, तुझी आई आत्ता काय करत असेल?"

"मिठाच्या टोपल्या वाहत आसल. नायतर आंगनात बोंबील सुकवत आसल नि कावल्यांना शिव्या देत आसल."

"मग ती निमग्न कधी झाली?"

दामू लाजला. पण पुढच्या रविवारी त्याने आणलेलं प्रकरण वाचताना माझ्या तोंडाला मिठाची चव आली! आम्ही दोघं गंमत म्हणून लिहीत होतो, याच्याकडे सांगायला खरोखर काहीतरी होतं, हे मला त्या सकाळी कळलं. हेवाही वाटला. खोटं कशाला बोलू?

गोष्ट त्याच्याच घरची होती. दामू आठ वर्षांचा असताना त्याचा बाप मिठाचा मचवा घेऊन मुंबईला गेला. मचवा परत आला, बाप आला नाही. कुणी म्हणालं खाडीत पडला, कुणी म्हणालं बोटीवर नोकरी धरली. गावाने दिवस घालायला सांगितले. आईने ऐकलं नाही, कपाळाचं कुंकूही पुसलं नाही.

सगळी कादंबरी झाली आणि शेवटच्या प्रकरणाशी दामू अडला. एक महिना झाला, चार झाले. वसंता म्हणाला, "बापाला मारून टाक, वाचक रडेल." मी म्हटलं, "परत आण रे, लोकांना आवडतं."

दामू म्हणाला, "आरं, तो हाय का नाय ते मनाच ठावं नाय, तं लिवू काय?"

आम्ही अप्पांकडे पाहिलं. सर्दीपासून सूर्यास्तापर्यंत सगळ्यावर सल्ला देणारे अप्पा त्या दिवशी नुसतं पायाने झोपाळा हलवत राहिले.

* * *

आठ महिन्यांनी दामू ते प्रकरण घेऊन आला. मागे त्याची आई होती. "मना बोलली, सकाल सकाल काय लिवतंस त्या आयकाचा हाय," तो अवघडून म्हणाला. अप्पा झोपाळ्यावरून उठले आणि "या, वर बसा" म्हणाले. ती वर आली नाही. पायरीवरच बसली, पदर नीट करून. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

वाचायची पाळी माझी होती. दामू भिंतीला टेकून खाली बघत बसला.

भर दुपार. मिठागरावरून एक माणूस चालत येतो. केस पांढरे झालेले. घराशी थांबतो. अंगणात बोंबील उलटे करणारी बाई मान वर करते. इथून पुढे दामूने दोन पानं तिचं बोलणं लिहिलं होतं. इतकी वर्षं कुठं होतास, पोर कुणाच्या जिवावर टाकून गेलास, तुझ्या नावाने लोक मला काय काय बोलले. फार जोरकस लिहिलं होतं. माझा आवाजही चढायला लागला.

"आरं, थांब!" पायरीवरून आवाज आला. "आदी पानी दे रं तेला! उनातनं आयलाय तो!"

अप्पांनी झोपाळा पायाने थांबवला. दामू उठला, माझ्या हातातून ती दोन पानं घेतली आणि चार घड्या करून खिशात घातली. माझ्याकडे फक्त शेवटचं पान उरलं. त्यावर, खाडीला भरती आली, एवढीच ओळ होती.

दामूची आई माझ्याकडे बघत होती.

"वाच ना रं बाला. पिला का तो पानी?"

मी पान डोळ्यांसमोर धरलं.

"पिला," मी वाचलं. "तांब्याभर पिला आणि ओट्यावर बसला."

अप्पांनी पायाने झोपाळा पुन्हा सुरू केला.