नवसाचा मलिदा आणि अल्माझचा शुक्रवार

मंडळी, आज थोडक्यात वाचले!

इकडे परदेशात आमच्या क्वेकर्स हिल उपनगरातला लॉकडाऊन उठला, म्हणून शेजारच्या इथिओपियन अल्माझला शुक्रवारी संध्याकाळच्या शब्बाथच्या जेवणाला बोलावलं. आम्ही अलिबागचे ज्यू, त्यामुळे नारळाच्या दुधातली कोंबडी ठरलेलीच. ताट वाढलं आणि ती ओशाळून म्हणाली, "सॉरी, शुक्रवारी आमचा उपास असतो. मांस, दूध काहीच चालत नाही."

मी गारच पडले! मग मलिदा आठवला. पोहे, गूळ, खोबरं, केळी. तिकडे गावी आई कोविडमधून बरी झाली, म्हणून नवसाचा केला होता.

तिने दोनदा मागून घेतला. नवसाचं ऐकल्यावर म्हणाली, "आईच्या आजारपणात तू कुंपणापाशी रडलीस ना, तेव्हापासून मीही तिच्यासाठी रोज मेणबत्ती लावत होते. चर्च बंद होतं, म्हणून किचनमध्येच."

आता तुम्हीच सांगा, नवस नेमका कोणाचा फळला?