कंपनीच्या खुर्च्या

अराबा बेंत्सिलची आई गावभर सांगत फिरायची, "माझी अराबा कंपनीत बोलते. ती बोलली म्हणजे कंपनी बोलली." सॉल्टपाँडच्या मासळीबाजारात म्हातारीचं हे वाक्य इतकं पाठ झालं होतं, की तिला लांबून येताना बघूनच बाया कुजबुजायच्या, "आली गं, कंपनीची आई आली."

म्हातारीचं चुकीचं नव्हतं. टाकोराडी बंदरातल्या प्लायवूडच्या कारखान्यात अराबा पुढच्या टेबलावर बसायची, टेलिफोनपाशी. लग्न व्हायच्या आधी ती तिथं लागली, नवरा गेला तेव्हा तिथंच होती, पोरगी मोठी होऊन कुमासीला नांदायला गेली तरी तिथंच. पहिली काही वर्षं नोकरी म्हणजे मान होता. जहाजं भरून माल जायचा, फोन घेताना अराबाचा आवाज असा गोड व्हायचा की पलीकडचा माणूस काय विचारायचं तेच विसरायचा.

पुढे सगळ्याची माती झाली. मालक राजधानीत बसून माणसं पाठवायचे. साहेब यायचा, नव्याचे नऊ दिवस गाजवायचा, भिंतीवर नवी पाटी लावायचा, आणि एक दिवस त्याची खुर्ची रिकामी दिसायची. एकाने टोप्या वाटल्या. दुसऱ्याने रोज सकाळी सगळ्यांना अंगणात उभं करून प्रार्थना सुरू केली. लाकूड सोलायचं मोठं यंत्र पात्यावाचून बंद, आणि हे बाहेर उभे राहून देवाकडे उत्पादन मागतायत. देवाला काय पाती घडवायचा कारखाना आहे? कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. कामगार वेळेवर यायचे, यंत्रापाशी बसायचे, शेंगदाणे सोलायचे आणि वेळेवर घरी जायचे. कुणी भांडायचंसुद्धा नाही. भांडायला तरी काहीतरी बदलेल अशी आशा लागते.

अशा कंपनीत टेलिफोनवाल्या बाईचं काम एकच उरतं. लाकूडवाल्याचा फोन आला, "साहेब आत्ताच बाहेर गेले." बँकेचा आला, "अरेरे, आत्ताच बाहेर गेले." साहेब पाठीमागच्या खोलीत पंखा बंद करून बसलेले, कारण पंख्याचा आवाज फोनवर ऐकू जातो. अराबा देवाची शपथ तेवढी कधी घ्यायची नाही. बाकी दिवसभर इतकं खोटं बोलायची, की संध्याकाळी घरी जाऊन कुणाशी खरं बोलायचंही तिच्यात त्राण नसायचं. मक्याच्या आंबट केंकेच्या एवढ्याशा गोळ्याबरोबर मासा खायचा आणि पडायचं.

एक गोष्ट मात्र त्या कारखान्यात शेवटपर्यंत नीट चालायची, ती म्हणजे मयत. कुणाही कामगाराचं माणूस गेलं की कंपनीची बस निघायची. सगळ्यांकडे कंपनीच्या खुणेचं पान छापलेलं काळं कापड होतं, त्याचेच कपडे शिवलेले. मांडवात शिरताना अराबा पुढे, बाकीचे मागे, उजवीकडून डावीकडे एकेकाशी हात मिळवत जायचं आणि कंपनीसाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसायचं. यजमानांनी पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं, की अराबा उठून सांगायची, "आम्ही कंपनीकडून आलोत. तुमचं दुःख ते आमचं दुःख." पगार उशिरा झाला तरी चालेल, पण मयताला कंपनी आली पाहिजे. माणसाची आयुष्यभराची नोकरी काय लायकीची होती ते आमच्याकडे त्या दिवशी कळतं, गावादेखत. कोणाच्या काकासाठी, कोणाच्या सासूसाठी अराबा किती गावांना गेली असेल, तिलाही आठवत नसेल.

आणि मग तिची आई गेली.

म्हातारी पिकलं पान होती, पण म्हणून काय दुःख होत नाही? अराबा कोलमडली. शवागारात आईला ठेवलं, मामांनी बैठक घेतली आणि रीतीप्रमाणे अंत्यविधीसाठी महिन्याभरानंतरचा शनिवार ठरला. भाऊ जोजोने मांडवाचं ठरवताना विचारलं, "कंपनीच्या किती खुर्च्या सांगू?"

"बसभर," अराबा म्हणाली.

जोजोची बायको मानसा कांदे चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा बाई. आयुष्य घातलंत त्या कंपनीत. निदान खुर्च्या तरी भरोत."

मानसा वहिनीचं बोलणं म्हणजे मिरची, पण खोटं नसायचं. अराबाला ते लागलं. आईने उभ्या गावाला जे सांगून ठेवलं होतं, ते खरं की बढाई, त्याचा निकाल आता त्या शनिवारी लागायचा होता.

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या प्रार्थनेनंतर, अग्बेको साहेबांनी घोषणा केली. हे त्या वेळचे साहेब, पार पूर्वेकडचे, केटाचे. उंच, वाकलेले, सतत पोट दुखत असल्यासारखा चेहरा. परदेशी मागणी आली आहे, म्हणाले. आता महिनाभर शनिवारीही काम. रजा नाही. बस फाटकाबाहेर जाणार नाही. जो येणार नाही त्याचं नाव कपातीच्या यादीत पहिलं.

मागणी आली होती म्हणे. लाकूड कुठं होतं? मालकांनी राजधानीतून फोनवर हुकूम सोडला, साहेबांनी तो वाचून दाखवला. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार.

अराबा त्यांच्या खोलीत गेली. "साहेब, त्यातलाच एक शनिवार माझ्या आईचा आहे."

"तुम्ही जा की, अराबा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"मी जाणारच आहे. माझीच आई आहे. मी कंपनीचं विचारतेय."

साहेब टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत बसले. "माझे हात बांधलेले आहेत."

"साहेब, बँकेला काय सांगायचं ते मला येतं. लाकूडवाल्याला काय सांगायचं तेही येतं. माझ्या घरच्यांना काय सांगू, ते तुम्ही सांगा."

तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती बाहेर आली. बँकेचाच होता. "साहेब आत्ताच बाहेर गेले," तिने सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज फोनवर फाटला.

बसचा ड्रायव्हर फिफी तिला म्हणाला होता, "मावशी, बस नाही दिली तर आम्ही चालत येऊ. माझ्या बापाच्या वेळी तू तापात आली होतीस." तो मनापासून बोलला होता, यात शंका नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्या टेबलासमोरून गेला, तो जमिनीकडे बघत. बाकीचेही तसेच. कुणाची पोरं शाळेत, कुणाची बायको बाळंत. शेवटी तिनेच हाक मारली, "अरे फिफी, उद्या येऊ नका रे. मी सांगते घरी काहीतरी." फिफीने टोपी काढून हातात धरली आणि तसाच उभा राहिला. त्याला रागवावं इतकीही ताकद अराबात नव्हती.

शनिवारी मांडव भरला. चर्चचे लोक आले, मासळीबाजारातल्या बाया तर सगळ्याच आल्या. सगळीकडे काळं आणि लाल. लाऊडस्पीकरवर गाणी, पाण्याच्या पिशव्या, भाताचा वास. डाव्या अंगाला कंपनीच्या खुर्च्या, निळ्या प्लास्टिकच्या, रांगेत रिकाम्या. अराबा कंपनीच्या कापडाचे कपडे घालून घरच्यांच्या ओळीत बसली होती. तिच्या अंगावरचं पान बघून बाया खुर्च्यांकडे बघायच्या, आणि मग मान वळवायच्या. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ऊन चढलं. गायकमंडळी उभी होती. मानसा वहिनी वाकून हळूच म्हणाली, "अराबा, देऊ का त्यांना त्या खुर्च्या?" या वेळी तिच्या आवाजात मिरची नव्हती. तेच अराबाला सहन झालं नाही. ती नुसती मान हलवून हो म्हणाली.

खुर्च्यांची पहिली ओळ गायकांनी उचललीच होती, तेवढ्यात रस्त्यावर प्रवाशांनी खच्चून भरलेली एक ट्रोट्रो गाडी थांबली. मागच्या बाकावरच्या गर्दीतून, टोपल्या ओलांडत, एक उंच वाकलेला माणूस उतरला. काळा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात मयताला द्यायची स्नॅप्स दारूची बाटली. अग्बेको साहेब. एकटेच.

त्यांनी उजवीकडून डावीकडे हात मिळवत यायला सुरुवात केली. पद्धत त्यांना येत होती. अराबासमोर आले तेव्हा तिने हात दिला, पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. बस अडवून ठेवायची, माणसं कोंडून ठेवायची, आणि वर स्वतः येऊन मिरवायचं?

"बाकीचे कुठेत?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कामावर." साहेब खाली वाकले. "अराबा, काल संध्याकाळी मालकांनी मला काढलं. मोबाइल आणि गाडीची किल्ली ठेवून घेतली. सोमवारी दुसरा येतोय."

अराबाचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"शनिवारची रजा मीच बंद केली होती," ते म्हणाले. "आज अख्ख्या कंपनीत सुट्टी फक्त मला आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. काळे कपडे घातले, बायकोला वाटलं कंपनीतर्फे निघालोय. मग म्हटलं, जावं. तुमचं मी फार वाईट केलं."

ते जाऊन निळ्या खुर्च्यांवर बसले. एवढ्या खुर्च्यांत एक माणूस. गायकांनी उचललेल्या खुर्च्या परत ठेवल्या, त्यामुळे तर ते अजूनच एकटे दिसायला लागले. त्यांना पाणी दिलं गेलं. ते प्यायले. आणि मग अराबाचे मामा, घराण्याचे वडीलधारे, काठी टेकत उठले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पाहुणे, आमच्याकडे हे असं झालंय. तुम्ही कुणाकडून आलात, कशासाठी आलात?"

साहेब उभे राहिले. कुणाकडून आलो म्हणून सांगणार? कालपर्यंत सांगता आलं असतं. त्यांनी अराबाकडे बघितलं, बँकेचा फोन वाजला की बघायचे तसं.

अराबा उठली. घरच्यांची ओळ सोडून मांडव ओलांडून ती कंपनीच्या खुर्च्यांपाशी गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

मामा म्हणाले, "अगं, तू यजमान की पाहुणी?"

"दोन्ही, मामा." तिने घसा साफ केला. आवाज आपोआप आला, तो जुना, जहाजं भरून जायची तेव्हाचा. "हे आमच्या कंपनीचे मोठे साहेब. सगळ्या कामगारांना आज यायचं होतं, पण माल जहाजावर चढतोय, एकालाही हलता येत नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने साहेब स्वतः आलेत. कंपनी म्हणते, तुमचं दुःख ते आमचं दुःख."

कामगारांना यायचं होतं आणि साहेब आले होते, हे सोडलं तर त्यात एक शब्द खरा नव्हता. मामांनी मान डोलावली. लाऊडस्पीकरवाल्याने तेच दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जास्त जोरात. मासळीबाजारातल्या बायांत कुजबुज झाली, मोठे साहेब, स्वतः, म्हातारी सांगायची ते खरं होतं हो. अराबा साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि महिनाभरात पहिल्यांदा मोकळेपणी रडली. साहेब समोर बघत बसून राहिले. नंतर मानसा वहिनीने स्वतः त्यांना भात वाढून आणला, माशाचा मोठा तुकडा घालून, आणि ते ताट चाटूनपुसून जेवले.

सोमवारी फिफीने सांगितलं, शनिवारी लाकूड आलंच नाही. दिवसभर सगळे बंद यंत्रापाशी बसून होते. कुणीतरी अराबाच्या आईसाठी एक गाणं म्हटलं, बाकीच्यांनी साथ दिली. अराबा बरं म्हणाली. नवे साहेब अंगणात नवी पाटी लावून घेत होते.

दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज होता, जरा दमलेला.

"मी मिसेस अग्बेको. त्यांचा मोबाइल दोन दिवस बिघडलाय म्हणतात. आहेत का जागेवर?"

अराबाने पाठीमागच्या खोलीकडे बघितलं. आतला पंखा जोरात फिरत होता.

"साहेब आत्ताच बाहेर गेलेत, वहिनी," ती म्हणाली. "काही निरोप आहे का?"

"येताना पाव आणायला सांगा तेवढं."

"सांगते," अराबा म्हणाली.