वर्ध्यात कसली आलीय थंडी!

माझ्याकडे थंडीचे इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की मागून चार येतात. कपाटातून एक रजई ओढली की बाकीच्या डोक्यावर कोसळतात ना, तसंच! आणि किस्से कुठले, तर वर्ध्याचे. हे ऐकूनच लोक हसायला लागतात. "वर्ध्यात कसली आलीय थंडी? तिकडे तर माणसं भाजतात!" आमच्या वेंगुर्ल्याचे यच्चयावत नातेवाईक फोनवर हेच म्हणाले. मीही हेच समजत होते, म्हणून तर सगळा घोळ झाला.

मी जनावरांची डॉक्टर. पोस्टिंग मिळालं ते थेट कारंजा घाडग्याजवळच्या एका गावात. जन्म गेला समुद्राकाठी. थंडी म्हणजे काय, तर डिसेंबरात पंखा एक नंबरवर! वर्धा म्हटल्यावर मी सामान काय भरलं? सहा पांढरे सुती ड्रेस, दोन छत्र्या, गॉगल आणि ग्लुकोजचे डबे. स्वेटर एकही नाही!

बाबांनाही मी ओढूनच आणलं. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. एकदा न्हाणीघरात घसरून पडले ते दुपारपर्यंत तसेच. शेजारच्या काकू कढी द्यायला आल्या म्हणून कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा मात्र म्हणाले, "आठ दिवस येतंय. तुझा घर लावया नि परत."

आम्ही पोचलो नोव्हेंबरच्या शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दात वाजवत म्हणाले, "ह्या थंडीत पहाटेची गाडी माका झेपाची नाय. थंडी सरली काय मी जातलंय!"

आणि बॅग भरून दाराशी ठेवली. बाबा एसटीत कंडक्टर होते. "गाडी लागायच्या आदी पॅसेंजर तयार होयो," हा त्यांचा नियम. रोज उठलं की पहिलं दर्शन त्या निळ्या बॅगेचं! म्हणजे माझी काय अवस्था झाली बघा. दिवसभर तोंडाने थंडीला शिव्या घालायच्या आणि मनात म्हणायचं, थंडीबाई, आणखी थोडे दिवस थांब.

* * *

आता घराबद्दल. घरमालक वानखडे काका. कारंज्यातल्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, त्यांनी हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंय आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान! मला दाखवताना भिंतीवर थाप मारून म्हणाले, "मॅडम, ऊन शिरून दाखवावं या घरात!"

खरंच शिरत नाही. मेलं एक किरण शिरत नाही! पश्चिमेला खिडकी नाही, दक्षिणेला खिडकी नाही, भिंती किल्ल्यासारख्या. मे महिन्यात हे घर म्हणजे स्वर्ग असणार. डिसेंबरात मात्र मी भाजी फ्रीजमधून बाहेर काढून ठेवली तरी फरक पडायचा नाही.

आंघोळीचं पाणी तर हातावर घेतलं की हातच जायचा. मी म्हटलं, "काका, टाकी गच्चीवर आहे ना? दिवसभराच्या उन्हानं थोडं तरी कोमट व्हायला हवं की नाही?"

काका खूश होऊन हसले. "कसं होईन जी! मी टाकीवर शेड टाकलं, वरून हिरवी नेट बांधली! पाणी तापतच नाई!"

मी दोन बादल्या पाणी चुलीवर... म्हणजे गॅसवर, पण आमच्या आईच्या भाषेत चुलीवरच, तापवायला लागले.

* * *

दवाखान्यात पहिल्या सोमवारी गेले तर दवाखान्यात कोणी नाही! टेबल नाही, खुर्ची नाही, रजिस्टर नाही. मला वाटलं चोरी झाली. मागच्या बाजूला बघते तर आमचे परिचर मेश्रामभाऊ सगळं ऑफिस अंगणात मांडून उन्हात बसलेले.

"मॅडम, हिवाळ्यात ऑफिस बाहेरच राह्यते."

बाहेर तर बाहेर. पण ऊन सरकतं ना! मग ऑफिसही सरकायचं. सकाळी दहाला गेटपाशी, बाराला कडुलिंबाच्या पलीकडे, तीनला पाण्याच्या हौदाजवळ. एक शेतकरी बैल घेऊन दवाखान्याभोवती फेऱ्या मारत होता. त्याला मेश्रामभाऊ ओरडले, "घड्याळ पाहून ये ना बाप्पा! आता तीन वाजले, आमी हौदाकडे निघालो!"

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. आल्या आल्या ओरडले, "हा काय तमाशा आहे? टेबल आत घ्या!" टेबल आत घेतलं. साहेब आत बसले. दहा मिनिटांनी स्वतःच रजिस्टर काखेत मारून बाहेर आले आणि म्हणाले, "आत उजेड कमी आहे."

मेश्रामभाऊंनी लगेच खुर्ची उन्हात ठेवली.

* * *

त्याच अंगणात माझी अब्रू गेली ती गोष्ट ऐका. एक आजोबा कुडकुडणारं वासरू घेऊन आले. मी पुस्तकातलं सगळं सांगितलं. वाऱ्याच्या बाजूनं गोठ्याला ताडपत्री लावा, खाली कोरडं गवत अंथरा, वासराच्या अंगावर पोत्याची झूल घाला. सांगताना माझेच दात एकमेकांवर आपटत होते. ओठ निळे, अंगात पांढरा सुती ड्रेस!

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वासराचं मी पायतो जी. तुमचं कोण पायते?"

दुसऱ्या दिवशी ते परत आले. वासराच्या अंगावर मस्त पोत्याची झूल, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. मी म्हटलं, "वा! छान शिवलीत." तर त्यांनी काखेतून आणखी एक झूल काढून टेबलावर ठेवली.

"हे तुमच्यासाठी. माप मोठं घेतलं."

मेश्रामभाऊ गळ्यातला दुपट्टा तोंडावर धरून हौदामागे पळाले. मला राग आला, हसू आलं आणि खरं सांगते, रडूही आलं. झूल मी घरी नेली. ऊबदार होती हो!

* * *

घरी वेगळाच उच्छाद. बाबांना रविवारी आंबोळ्या हव्यात. तांदूळ-उडीद भिजवले, वाटले, पीठ ठेवलं. आमच्याकडे सकाळी ते पातेल्यातून उतू जातं. इथे? आदल्या दिवशी ठेवलं तसंच गुपचूप बसलेलं, फुगायचं नाव नाही! बाबांनी पातेलं उचललं, माझ्या एकुलत्या एक शालीत गुंडाळलं आणि वर माझं पांघरूणही घातलं.

"बाबा, आणि मी?"

"पीठ फुगाक होया. तू नाय फुगलंस तरी चलात!"

एवढं करून आंबोळ्या झाल्या त्या पापडासारख्या. खोबरेल तेल तर बाटलीत असं गोठलं की बाबा चमच्याच्या दांड्यानं उकरून डोक्याला लावत. दर वेळी दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघून मला ऐकू जाईल असं म्हणत, "थंडी सरू दे गो!"

* * *

लेआउटच्या कोपऱ्यावर रोज सकाळी शेकोटी पेटायची. सात-आठ म्हातारे जमायचे. बाबा आधी नाक मुरडत गेले. "तेंका बांगडो म्हणजे काय ताच ठावक नाय. काय गजाली करूच्यो?" तरी गेले, कारण घरात त्याहून जास्त गारठा होता!

दहा दिवसांत वानखडे काका तक्रार घेऊन दारात. "मॅडम, तुमच्या बाबांले सांगा जरा. आमच्याच शेकोटीवर आमालेच उठवून राह्यले!"

झालं होतं असं, की धूर ज्याच्या तोंडावर जातो तो बिचारा खोकत बसायचा आणि चांगली जागा पकडलेला हलायचा नाही. बाबांमधला कंडक्टर जागा झाला! त्यांनी नियम काढला, पाच मिनिटांनी प्रत्येकानं एक जागा पुढे. टाळी वाजवून ओरडायचे, "चला, फुडे सरका! फुडे जागा आसा!"

"काल मलेच धुरात बसवलं," काका म्हणाले. "लाकडं माह्या घरची!"

आतून बाबांचा आवाज आला, "लाकडां तुमची, पण पास कोणाक नाय!"

काका रागारागानं गेले. दुसऱ्या दिवशी बाबांना थोडा उशीर झाला, तर तेच काका फाटकातून हाका मारत होते, "काकाजी, चला ना! तिकडे भांडणं होऊन राह्यली!"

* * *

आणि आता तो कूलर. माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत वानखडे काकांचा भलामोठा कूलर बसवलेला. उन्हाळ्यात बसवला तो बसवलाच. त्याच्या तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्यांतून संत्र्याच्या बागांवरचा सगळा वारा थेट माझ्या मानेवर! मी रोज म्हणायची, "काका, कूलर काढा."

"काऊन? उन्हाळ्यात लागन ना!"

"उन्हाळ्याला तीन महिने आहेत!"

"तीन महिने काय, असे जातात!"

शेवटी जानेवारीत माझं डोकं फिरलं. म्हटलं, कूलर निघाला नाही तर मी घर सोडते! काकांनी रविवारी येऊन निमूटपणे कूलर उतरवला. कूलरसाठी खिडकीची दारं केव्हाच काढलेली; त्या जागी आता हे एवढं मोठं भोक! आधी वारा जाळीतून गाळून यायचा, आता मोकळाच.

"काका, हे भोक?"

"तुमी म्हणल्या कूलर काढा. भोकाचं काई म्हणल्या नाई!"

मी औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे लावले. वाऱ्यानं ते माझ्याच अंगावर आणून टाकले. उशी लावली, ती बाहेर गेली. वासराची झूल लावली, ती शिडासारखी फुगली. मी पलंगावर बसून चक्क रडले. हे घर नको, ही नोकरी नको, काही नको!

बाबा दारात उभे होते. त्यांनी भोकाकडे बघितलं, डोळ्यांनीच माप घेतलं. "पस्तीस वर्सां लोकांचा सामान बसवलंय. खंय काय मावता तां माका इचार."

ते बाहेर गेले, दाराशी ठेवलेली निळी बॅग आणली. कपडे पलंगावर ओतले, बॅग आडवी केली आणि भोकात ढकलली. फिट्ट! वारा बंद.

"थंडी सरली काय काढूया," ते म्हणाले. "तेव्हा माका ती लागतलीच."

मी डोळे पुसले आणि ते काही म्हणायच्या आत माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून त्यांचे कपडे तिथे लावून टाकले.

* * *

फेब्रुवारी गेला. शेकोटी बंद झाली, तरी म्हातारे सकाळी त्याच कोपऱ्यावर बसायचे. मी थंडी हा शब्दच घरात काढत नव्हते. मार्च गेला. दवाखान्याचं टेबल आत आलं, मग सावली शोधत उत्तरेच्या व्हरांड्यात गेलं. पांढरे सुती ड्रेस एकदाचे कामाला आले. बाबाही थंडीचं नाव काढत नव्हते. दोघेही त्या खिडकीकडे न बघता तिच्यासमोरून जायचो.

एप्रिलमध्ये एका दुपारी वानखडे काका दोन माणसं आणि कूलर घेऊन हजर! बाहेर डांबर वितळत होतं. बाबा माझ्या खोलीत पंखा पाचवर करून, उघड्या अंगानं, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते.

"काकाजी, बॅग काढा. कूलर लावून देतो!"

बाबा उठले. पलीकडच्या खोलीत गेले. परत आले ते माकडटोपी घालून, अंगात स्वेटर, त्याची सगळी बटणं लावलेली. येऊन बरोबर त्या बॅगेखाली बसले.

"वानखडेभाऊ, इतक्यात काऊन? अजून लय थंडी आसा!"

मी कपाटातून शाल आणली आणि बाबांच्या खांद्यावर टाकली. वानखडे काकांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. मग दुपट्ट्यानं कपाळावरचा, मानेवरचा घाम पुसला.

"हाव ना काकाजी! यंदा थंडी काई हटूनच नाई राह्यली!"