मधुकर सकाळी काय ऐकायचा

आमच्या गल्लीतली पोरं मधुकर हुदलीकरला 'रेडिओ अंकल' म्हणत. मी म्हणत नसे. वायरलेस सेट बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात मी त्याच्याबरोबर उमेदीची सगळी वर्षं काढली, निवृत्तीनंतर यशवंतपुरात त्याच्या समोरच घर बांधलं, आणि रोज कशावरून तरी त्याच्याशी भांडलो. इतकं झाल्यावर माणसाला अंकल म्हणवत नाही. आम्ही दोघंही मूळचे बेळगावकडचे. इथं राहून आमची मराठी निम्मी कन्नड झाली होती, पण भांडण मात्र शुद्ध मराठीत चालायचं.

त्याच्या माडीवरच्या खोलीत स्कॅनर होता, म्हणजे हवेतलं वायरलेसचं बोलणं पकडणारा रेडिओ. त्यावर वैमानिक यायचे, अग्निशमनवाले यायचे आणि पोलीस यायचे. पोलिसांचं ऐकणं कायद्यात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण जे सेट आम्ही स्वतःच्या हातांनी जुळवले त्यांचंच बोलणं ऐकायचं नाही, हे काही पटत नसे. असा नाद असलेले शहरात आम्ही पाच-सहाजण होतो. रविवारी दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली खाताना कोणी काय पकडलं याच्या बढाया चालायच्या. कुठं मोर्चावर लाठी चालली, कुणाच्या गाडीसाठी रुग्णवाहिका अडवली, हे आम्हाला पेपरच्या आधी कळायचं. पेपरात कधीच न येणारंही कळायचं, आणि त्याचीच मजा जास्त होती.

ध्रुव गेला आणि मधुकरची मजा संपली.

ध्रुव हा मधुकर आणि हेमलतावहिनींचा एकुलता एक मुलगा. कोरमंगलाला पीजीत राहायचा, कुठल्याशा स्टार्टअपमध्ये कामाला होता. एक दिवस फोन खाटेवर ठेवून बाहेर पडला तो आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही, प्रेमप्रकरण नाही. काहीतरी कारण असतं तर त्याला धरून रडता आलं असतं, तेही नाही. तेव्हा हे लोक अजून कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये होते. पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला, अंगावरची खूण सांगितली. डाव्या हातावर कोपरापासून मनगटाकडे गेलेला भाजल्याचा लांब डाग. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्याचं काम बघताना तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातावर पडलं होतं.

आता मधुकर सकाळी काय ऐकायचा ते सांगतो. रोज सकाळी पोलीस कंट्रोल रूममधून सगळ्या ठाण्यांना वायरलेसवर एक यादी वाचून दाखवत. शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत सापडलेले अनोळखी मृतदेह. अंदाजे वय, उंची, शर्टाचा रंग, खुणा. वाचणारा बहुतेक एकच माणूस असायचा. जाड, खर्जातला आवाज, कन्नड स्वच्छ, घाई अजिबात नाही. मधुकर खोलीचं दार लावून ते ऐकायचा. हेमलतावहिनी खाली ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. तो खाली येईपर्यंत घरात गॅस पेटायचा नाही, कॉफीसुद्धा व्हायची नाही. तो जिना उतरायचा आणि म्हणायचा, "आज नाही." मग कुकर चढायचा.

वर्षानुवर्षं हेच. दिवाळीत हेच, घरात पाहुणे असताना हेच. पाहुण्यांना वाटायचं, या घरात नाश्ता उशिरा करतात. वहिनी त्या खोलीत कधी गेल्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या होत्या, "गुंडोअण्णा, दुसऱ्यांच्या मेलेल्या पोरांचं वर्णन मला ऐकवणार नाही. आपलं नाही, एवढं कळलं की पुरे."

क्वार्टर्स सोडताना मी मधुकरला म्हटलं, "अरे, ठाण्यात जाऊन नवा पत्ता देऊन ये. फोनही बदललाय तुझा."

"कशाला?" तो म्हणाला. "काही झालं तर त्यांच्या फौजदाराच्या आधी मला कळेल. मी ऐकतोय ना रोज."

 आम्हा रेडिओवाल्यांना हा माज असतोच. जे कानानं मिळतं त्यासाठी बाकावर बसून कोण वाट बघणार?

मग एका सकाळी स्कॅनरवर पोलिसांच्या जागी नुसती घरघर सुरू झाली. त्या रविवारी आमच्यातला सगळ्यात तरुण, पुण्याहून आलेला रणजीत, दर्शिनीत खुलासा करत होता. "काका, नवे डिजिटल सेट आलेत. एन्क्रिप्टेड. बोलणं कुलूप लावूनच हवेत जातं आणि चावी फक्त त्यांच्या सेटमध्ये. आपल्याला नॉइजच मिळणार."

आमची मंडळी तापली. पोलीस काय करतात हे आता कोणाला कळणार, आता तर ते म्हणतील तेच खरं, वगैरे. मीही घसा कोरडा केला. रणजीत म्हणाला, "पण काका, ज्या बाईवर अत्याचार झाला तिचं नाव-पत्ता ओपन जायचं. ते बरं होतं का? चोरसुद्धा ऐकत होते की." त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून मला त्याचा अधिकच राग आला.  मधुकर ताटलीत इडली तशीच ठेवून निघून गेला. मला वाटलं, घरी जाऊन वहिनींना सांगेल आणि उद्या ठाण्यात जाईल. दुसरं कोणी असतं तर तेच केलं असतं.

त्यानं तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वर गेला, दार लावलं, घरघर ऐकली, खाली आला आणि म्हणाला, "आज नाही." पुढं रोज तसंच म्हणत राहिला.

हे त्यानं मला पुष्कळ महिन्यांनी, सगळं उघड झाल्यावर सांगितलं, आणखीही एक सांगितलं. त्या घरघरीत त्याला तो जाड आवाज ऐकू यायला लागला होता. आधी सुटे शब्द. उंची. निळा शर्ट. मग अर्धी वाक्यं. एका सकाळी आवाज इतका स्पष्ट आला की त्यानं घाबरून सेट बंद केला, वायर ओढून काढली, आणि वाचन चालूच राहिलं. तो जिन्यात बसून राहिला. खालून वहिनींनी विचारलं, "अहो, आज वेळ लागला?" तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

हे सगळं बाहेर आलं ते यशवंतपूरच्या बाजारात. कांदा घ्यायला आम्ही दोघं जोडीनं जात असू. एका गाळ्यापाशी मधुकर थबकला आणि त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडलोच. समोर स्वेटर घातलेला एक थोराड माणूस लसणाचा भाव करत होता. जाड आवाज, खर्जातला, घाई अजिबात नाही. तेवढा एक आवाज भर बाजारात ऐकून माझ्याही अंगावर काटा आला.

मधुकर त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही सकाळी यादी वाचता."

माणूस दचकला. त्याचं नाव यल्लाप्पा. कंट्रोल रूममधून नुकताच निवृत्त झाला होता. तुम्ही ऐकत होता म्हणजे गुन्हा झाला, असं आधी म्हणाला. मधुकरनं ध्रुवबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं लसणाची पिशवी खाली ठेवली.

"सार, नवे सेट आल्यावरही मी वाचतच होतो," यल्लाप्पा म्हणाला. "तुम्हाला ऐकू येईना एवढंच. रोज किती वाचले, सगळे कुठं आठवणार? आठवले तर झोप लागेल का?" मग त्यानं आपल्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बोट ओढलं. "असा डाग होता का? खुणा मी दोन-दोनदा वाचायचो, स्टेशनवाले नीट ऐकत नाहीत म्हणून. असा एक वाचला होता, नवे सेट आल्यावर. आनेकल तालुका."

मी मधुकरला तिथूनच रिक्षात घातलं आणि आनेकलच्या ठाण्यात घेऊन गेलो. तिथल्या महिला पोलिसानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि आमच्याकडं न बघता पडदा फिरवला. तो ध्रुवच होता. फोटोखाली यादीसाठी पाठवलेलं वर्णन होतं, ते मधुकरनं वाचून काढलं. एका छोट्या कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा, मागच्या शेडमध्ये झोपायचा, तिथंच तापानं गेला. नाव त्यानं भलतंच सांगितलं होतं. पोलिसांनी डाग पाहून जुनी तक्रार शोधलीही होती. दिलेला फोन बंद होता. दिलेल्या पत्त्यावर माणूस पाठवला, तर क्वार्टर्स पाडून टाकलेली. मुदतीपर्यंत वाट बघून त्यांनी बेवारस म्हणून दफन केलं.

यात पोलिसांना शिव्या देता येतील अशी एकही जागा मला सापडली नाही. मी फार शोधली.

मी मधुकरला घरी आणलं. वहिनींना मी सांगणार होतो, पण त्यानं मला हातानं थांबवलं आणि सगळं स्वतः सांगितलं. घरघरीपासून. 

"मशीन बंद पडलं हे तेव्हाच सांगितलं असतंत," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मी गेले असते ठाण्यात. रोज गेले असते. पायी गेले असते. तुम्ही 'आज नाही' म्हणालात, म्हणून मी घरात बसले."

मधुकरनं हात जोडले. म्हातारपणी नवऱ्यानं बायकोपुढं असे हात जोडलेले बघू नयेत. मी उठून दाराशी गेलो, पण घरी जावंसं वाटेना.

त्यानंतर त्या घरात सकाळी गॅस केव्हाही पेटू लागला. मधुकर तरी वर जायचा. सेट लावायचा नाही, नुसता खुर्चीत बसायचा. मी एकदोनदा त्याला ओढून खाली आणायला गेलो. म्हणायचा, "थांब गुंडो, संपू दे त्यांचं वाचन."

एका सकाळी मी असाच वर गेलो होतो आणि मागून हेमलतावहिनी जिना चढून आल्या. त्या खोलीत त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. स्टूल ओढून त्या मधुकरच्या समोर बसल्या.

"त्या दिवशी त्या यल्लाप्पानं आपल्या ध्रुवचं जे वाचलं," त्या म्हणाल्या, "ते मला वाचून दाखवा. मराठीत. काही गाळू नका."

मधुकर माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली.

"अनोळखी पुरुष," त्यानं सुरुवात केली. आवाज त्याचाच होता, पण घाई अजिबात नव्हती. "उंची पाच फूट आठ इंच. रंग गव्हाळ. अंगात खाकी अर्धी चड्डी, पिवळा बनियन. पायात काही नाही. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग." थांबून त्यानं डाग पुन्हा वाचला. "वय अंदाजे पंचेचाळीस."

"एकतीस," वहिनी म्हणाल्या.