उपाशी पुंगळी

अमेरिकेत, सांता क्लाराच्या आमच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. तिथे आमच्या ह्यांची रायफल असायची. थ्री नॉट थ्री, महायुद्धातली. आपल्याकडे बंदोबस्ताच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच. ऐंशीच्या दशकात तिथली मराठी मंडळी घरं आणि ग्रीन कार्डं बघत होती, आणि हे बंदुकीला तेल लावत होते. मी नावं ठेवायचे, पण तिची काडतुसं मीच भरायचे.

म्हाताऱ्या बंदुकीला दुकानातली काडतुसं झेपणार नाहीत, असं शेजारच्या अमेरिकन आजोबांचं मत. म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू भरायची, तीही बेताची, आणि वर गोळी दाबून बसवायची. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पन्नास पुंगळ्या उभ्या. मी ओळीने एकेक माप घालायचे, मागून हे बॅटरी मारून आत बघायचे. दुप्पट पडली तरी पुंगळी वरपर्यंत भरत नसे, म्हणून ती बॅटरी. चार-पाच वेळा झाल्यावर मी म्हटलं, "माझ्यामागे बॅटरी घेऊन फिरू नका. माझं माप कधी चुकलंय?" काय तो तोरा. आमटीतलं मीठ तेव्हा आठवड्यातून दोनदा चुकायचं.

एका शुक्रवारी सकाळी निम्म्या पुंगळ्या झाल्या आणि भारतातून फोन आला. असा फोन आला की हातातलं टाकून धावायचं आणि ओरडून बोलायचं. सासूबाईंशी बोलून परत आले, तर एका पुंगळीपाशी हात अडला. हिला वाढलं की नाही? बॅटरी मारायची, नाहीतर उलटी करून पुन्हा भरायची. एवढी अक्कल कोंबडीलाही असते. पण मी लहानपणापासून पंगतीत वाढलेलं. कुणी उपाशी उठण्यापेक्षा दोनदा वाढलेलं बरं. घातलं माप आणि पुढे सरकले.

संध्याकाळी गोळ्या बसवताना ह्यांनी विचारलं, "बघितल्यास ना सगळ्या?"

"बघितल्या."

शनिवारी सकाळी आजोबा आले. दोघं नेमबाजीला निघायच्या आधी उपमा खायला बसले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्यात दारू घालायची राहिली तर?"

"गोळी नळीत अडकते. ठोकून काढायची."

"आणि दोनदा पडली तर?"

"माझ्या एका मित्राला एकाच डोळ्याने दिसतं," ते म्हणाले आणि आणखी उपमा मागितला.

हे हसले. "हिच्या हातून नाही व्हायचं तसं. हिचा हात म्हणजे तराजू."

तराजूने उपमा वाढला, कॉफी ओतली, बशा विसळल्या. मनात म्हटलं, पहिल्यांदा घातलीच नसेल. म्हटलं, पन्नासातली एक, आज वापरतीलच असं कुठे आहे? म्हटलं, आत्ता बोलले तर हा म्हातारा गल्लीभर सांगेल. एका पारड्यात नवऱ्याचा डोळा, दुसऱ्यात माझी अब्रू, असं मी तोलत होते. ह्यांनी रायफल पिकअपमध्ये ठेवली. इंजिन सुरू झालं, तेव्हा कुठे मी अनवाणी धावले आणि बॉनेटवर हात आपटला.

"थांबा. मला आत्ता आठवलं."

गॅरेजच्या फरशीवर बसून दोघांनी एकेक काडतूस ठोकून उघडलं. एकतिसाव्यातून दुप्पट दारू पडली. आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हे ती दारू कागदावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वेळेवर आठवलं तुला."

मी हो म्हटलं.

आता ते ही गोष्ट नातवंडांना सांगतात. आजी कशी अनवाणी धावली, बॉनेटवर कशी थाप मारली. नातवंडं म्हणतात, "वॉव, आजी," आणि हे माझ्याकडे कौतुकाने बघतात, दोन्ही डोळ्यांनी. त्या आधीचा अर्धा तास मी अजून कुणालाच सांगितलेला नाही.