रेतीवरच्या वाड्या

थोरामोठ्यांनी मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आणि तितकाच गंभीर आहे. आमच्या बांधकाम खात्यात तो ओव्हरसियरकडे सोपवत. त्या वर्षी ओव्हरसियर मी होतो.

टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती. मुंबईचे एक बडे अधिकारी मार्चमध्ये सहकुटुंब चार दिवस विश्रांतीला येणार. त्यांना जंगल आवडतं, त्यांच्या पत्नीला समुद्रकिनारा. दोन्ही साधेल अशी जागा सुचवावी. चांदा जिल्ह्याला समुद्र नाही, असं उलट कळवण्याची पद्धत नव्हती.

मी तीन जागा पाहून आलो. मोहर्लीला वाघ होता, वाळू नव्हती. गोंडपिपरीच्या डाक बंगल्यात वटवाघळांचा मुक्काम आधीपासून होता. तिसरी जागा चामोर्शीकडे, वैनगंगेच्या पात्रात. पांढरी स्वच्छ रेती, काठाला सागवान. नकाशावर पाहिलं तर किनारा आणि जंगल दोन्ही.

पण ती रेती रिकामी नव्हती. नदीचं पाणी ओसरलं की मासेमारी करणारी ढिवर कुटुंबं पात्रात उतरतात. रेतीत चर खणून शेणखत भरतात, टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावतात, घागरीनं पाणी घालून वेल जगवतात. याला आमच्याकडे वाडी म्हणतात. मी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं, ‘रेतीवर ढिवरांच्या वाड्या आहेत.’ ही माझी हरकत होती. एवढं वाक्य पुरेल असं मला वाटलं.

जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. त्याबरोबर आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेब पुण्याहून आले होते. त्यांनी तिसऱ्याच जागेवर ‘मंजूर’ लिहिलं. मी केबिनमध्ये गेलो.

“साहेब, तिथे वाड्या आहेत.”

“वाचलं की मी. म्हणून तर मंजूर केली. दूध, अंडी, चार माणसं हाताशी मिळतील.”

“पण तंबू ठोकायचे तर वाड्या उठतील.”

“गरिबांना कशाला उठवता? राहू द्या त्यांना तिथेच. तंबू थोडे बाजूला घ्या.”

साहेब दयाळू निघाले, याचा मला आनंद झाला. त्याच आनंदात मी नदीवर गेलो. बिजाबाई आणि तिचा नवरा डोमाजी यांची वाडी सगळ्यात मोठी होती. वेलींवर नारळाएवढी डांगरं धरली होती. चामोर्शीच्या बाजारात ती विकून दोघं पुढचा पावसाळा काढत.

“बाबू, तंबू लागणार म्हणून ऐकून राह्यलो. आमची वाडी?”

“वाडीला हात लागणार नाही, बाई. साहेबांनी स्वतः सांगितलं.”

“तुमचा साहेब चांगला हाये म्हणा की,” डोमाजी म्हणाला. “असा नाई पाह्यला आजवर.”

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी साहेब तपासणीला आले. तंबूंचा ट्रक मागोमाग होता. साहेब रेतीत चालत गेले आणि चौफेर पाहू लागले.

“वाड्या कुठे आहेत?”

“आपण वाडीतच उभे आहात, साहेब.”

त्यांनी बुटाखालचा वेल पाहिला. “ही वाडी? हा तर भाजीचा मळा आहे. घरं कुठे आहेत?”

“घरं गावात. आमच्याकडे यालाच वाडी म्हणतात.”

“मग मळा असं का नाही लिहिलं?”

आमच्याकडे त्याला मळा म्हणत नाहीत, हे खरं कारण त्या क्षणी फार तोकडं वाटलं. तंबूंना सपाट, ओलसर जागा तेवढीच होती. पलीकडच्या भुसभुशीत रेतीत खुंट्या धरत नव्हत्या. पाहुणे मुंबईहून निघाले होते.

बिजाबाई आडवी आली. “साहेब, आठ दिस थांबा ना. पिकून राह्यलेत डांगरं.”

“मला वाईट वाटतं, बाई,” साहेब म्हणाले. मला वाटतं, त्यांना खरंच वाटलं. मग त्यांनी ट्रककडे हात केला.

वेल उपटायला दुपार पुरली. कच्ची डांगरं काठाला ढीग करून टाकली. गुरांनीही सगळी खाल्ली नाहीत. बिजाबाई माझ्याजवळ आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“बाबू, तुमी कागदावर लिवलं होतं ना, वाड्या हायेत म्हणून?”

“लिहिलं होतं.”

“मराठीतच लिवलं होतं ना?”

“मराठीतच.”

“मंग काऊन नाई समजलं त्याईले?”

डोमाजी म्हणाला, “चाल वो, घरी चाल.” दोघं घागरी उचलून गेली. नदीची रेती सरकारची, म्हणून नुकसानभरपाईचा कागदही पुढे सरकला नाही. त्या उन्हाळ्यात ती दोघं तेंदूपत्ता तोडायला गेली. पुढच्या वर्षी त्या जागी वाडी दिसली नाही. मी चौकशी केली नाही. काय ऐकावं लागेल याचा अंदाज होता.

तेव्हापासून रिपोर्टात गावचा शब्द लिहिला की शेजारी त्याचा अर्थ लिहायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. निवृत्त होईपर्यंत पाळला. त्यानं कुणाचं काही वाचल्याचं आठवत नाही.

पाहुणे वाऱ्यानं उडणाऱ्या रेतीला कंटाळून दुसऱ्या दिवशी दुपारीच मोहर्लीला गेले. जाताना त्यांनी शेरा लिहून दिला. साहेबांनी तो पुढील कार्यवाहीसाठी माझ्याकडे पाठवला: ‘परिसर रम्य. मात्र ताजी फळं मिळण्याची सोय नाही.’